कॅन्सर रुग्णांचा आधारगट कसा चालवावा: सहा बैठकींची आखणी

तुकडोजी चौकातलं कॅन्सर रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं. नागपुरात उपचाराला येणारे बरेचसे रुग्ण बाहेरगावचे असतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ इथून येतात, तसेच बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याहूनही. रेडिएशन लागलं तर आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे सहा-सात आठवडे इथंच काढावे लागतात, धर्मशाळेत, भाड्याच्या खोलीत किंवा नात्यातल्या कुणाकडे. या काळात आजाराबद्दलचं त्यांचं सगळ्यात मोठं शिक्षण मशीनबाहेरच्या बाकावर होतं. शेजारी बसलेला सांगतो, "दही खाऊ नका", "तिसऱ्या किमोत माणूस खलास होते", "आमच्याकडे एक वैद्य आहे". त्यातलं काही बरोबर असतं, पुष्कळसं घातक असतं, आणि कोणतं कोणतं हे सांगणारं तिथं कुणी नसतं.

आधारगट म्हणजे याच माणसांना एका खोलीत, ठरलेल्या वेळी, जाणकार माणसासोबत बसवणं. ही आखणी रुग्णालयातले वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक, परिचारिका आणि रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

आधी माहिती, मग मन

गट म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर रडणं, धीर देणं, भजन आणि शेवटी टाळ्या असं काहीतरी येतं. तशा गटाला रुग्ण एकदा येतो, दुसऱ्यांदा येत नाही. त्याच्या डोक्यात त्या आठवड्याचे प्रश्न असतात. तोंड आलंय, गिळवत नाही, काय खाऊ? रात्री ताप आला तर कुठं जाऊ? योजनेतले पैसे संपले तर? या प्रश्नांची नेमकी उत्तरं मिळाली की विश्वास बसतो, आणि मग भीतीचं बोलणं आपोआप निघतं. उलट क्रमाने गेलात तर दोन्ही हातचं जातं.

याला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या 312 स्त्रियांवर केलेला अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांना आठ आठवडे माहितीच्या बैठकी दिल्या, काहींना नुसत्या आपसातल्या चर्चेच्या. माहितीच्या गटाला स्पष्ट फायदा झाला. नुसत्या चर्चेचा तसा झाला नाही, आणि ज्यांना घरून आधीच चांगला आधार होता त्यांना तर चर्चेने त्रासच झाला. आपली सहा आठवड्यांची, दीड तासाची रचना लॉस एंजेलिसमध्ये फौझी यांनी त्वचेच्या मेलानोमा कॅन्सरच्या रुग्णांसाठी वापरलेल्या पद्धतीला जवळची आहे. तिच्यात आजाराची माहिती, ताण हलका करण्याचे उपाय, अडचणी सोडवण्याचा सराव आणि एकमेकांचा आधार हे चारही भाग होते.

एक गोष्ट मात्र कुणालाही, देणगीदारालाही, सांगू नका: गटाने आयुष्य वाढतं. 1989 च्या एका लहान अभ्यासाने तशी आशा निर्माण केली होती. 2001 साली कॅनडातल्या 235 स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि दुखणं मात्र कमी झालं, आणि सुरुवातीला ज्यांना हा त्रास जास्त होता त्यांना अधिक फायदा झाला. गट चालवायला एवढं कारण पुरेसं आहे. "मन खंबीर ठेवलं तर बरं होतं" हे वाक्य गटात रुजलं, तर ज्याचा आजार उलटला त्याला वाटतं की आपणच कमी पडलो. ते ओझं त्याच्यावर टाकायचा हक्क आपल्याला नाही.

कोण चालवणार, कोण बसणार

गट नेहमी दोघांनी चालवायचा. एक समाजसेवा अधीक्षक किंवा मानसशास्त्रज्ञ, दुसरी कॅन्सर वॉर्डात काम केलेली परिचारिका. कुणाला मध्येच उलटी झाली, चक्कर आली किंवा कुणी उठून बाहेर गेलं, तर एकाने त्याच्यासोबत जायचं आणि दुसऱ्याने खोली सांभाळायची. एकट्याने चालवलेला गट अशा वेळी विस्कटतो. नागपुरातल्या समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी मिळतात. त्यांना नोंदी आणि खोलीच्या तयारीचं काम द्या, गट त्यांच्यावर सोपवू नका. उपचार पूर्ण होऊन किमान वर्ष झालेला एखादा जुना रुग्ण मदतीला असेल तर उत्तम, पण त्याला आधी समजावून सांगा की स्वतःचा अनुभव सांगायचा, सल्ला द्यायचा नाही.

सुरुवात आठ ते दहा जणांनी करा. किमो पुढे ढकलली, रक्त कमी झालं, गावी लग्न निघालं अशा कारणांनी दोन-तीन गळतातच, आणि सहाच्या खाली गेलं की बोलणं आटतं. पहिल्या बैठकीनंतर नवीन माणूस घेऊ नका. मध्येच आलेल्यासमोर जुने पुन्हा गप्प होतात.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे रुग्ण वेगळ्या गटात ठेवा, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या स्त्रिया वेगळ्या. कारण साधं आहे: प्रश्न वेगळे असतात, आणि बाईमाणूस पुरुषांसमोर छातीची जखम किंवा अंगावरून जाणं याबद्दल बोलणार नाही. बरं होण्यासाठी उपचार घेणारे आणि केवळ त्रास कमी करण्यासाठी उपचार घेणारे यांनाही एकत्र बसवू नका. दोघांची शेवटची बैठक एकसारखी असूच शकत नाही. गळ्यात नळी असलेले, बोलू न शकणारे रुग्ण एका गटात दोनच घ्या. त्यांना वेळ द्यावा लागतो, आणि तिसरा आला की कुणालाच पुरेसा मिळत नाही.

भाषेचं आधीच विचारून ठेवा. वऱ्हाडी आणि हिंदी एका गटात चालून जातं, बालाघाटचा माणूस नागपुरी मराठी समजतो. गडचिरोलीच्या आतल्या भागातून आलेल्या गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या रुग्णाला मात्र कोपऱ्यात बसवून ठेवणं म्हणजे त्याचा दिवस वाया घालवणं. त्याच्यासाठी दुभाषा घेऊन वेगळं बसा.

निवडीची भेट

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं बिघडतं. प्रत्येक रुग्णाला गटाआधी वीस ते तीस मिनिटं एकट्याला भेटा. नातेवाइकाला बाहेर थांबवा आणि तसं नम्रपणे सांगा: "काकाजी, पाच मिनिटं बाहेर बसता का? ताईंशी बोलून मग तुमच्याशीही बोलतो."

पहिला प्रश्न हाच विचारा: "डॉक्टरांनी तुम्हाला काय झालंय म्हणून सांगितलं?" शब्द तुम्ही पुरवू नका. "मले तोंडात जखम झाली, शेक देऊन रायले" (शेक म्हणजे रेडिएशन) असं उत्तर आलं, तर या माणसाला आजाराचं नाव कदाचित माहीत नाही, किंवा माहीत आहे पण तो उच्चारायला तयार नाही. पुढचा प्रश्न: "त्याबद्दल अजून जाणून घ्यायला आवडेल, की घरच्यांशीच बोलावं असं वाटतं?" त्याला जाणून घ्यायचं असेल तर ते काम आधी त्याच्या डॉक्टरांकडून होऊ द्या. नाव माहीत नसलेला रुग्ण गटात बसला आणि शेजारच्याच्या तोंडून त्याला कळलं, तर ती जखम भरत नाही, आणि त्या कुटुंबाचा रुग्णालयावरचा विश्वासही जातो.

मुलगा किंवा भाऊ दारातच अडवून म्हणतो, "बाबाले सांगू नका हं, ते सहन नाही करू शकत." त्याच्याशी वाद घालू नका, आणि खोटं बोलायचं वचनही देऊ नका. एवढंच सांगा: "आम्ही स्वतःहून सांगणार नाही. त्यांनी विचारलं तर मात्र खोटं सांगता येणार नाही. तुमच्यासमोर डॉक्टरांशी एकदा बसू." बहुतेक वेळा वडिलांना सगळं ठाऊक असतं आणि तेही मुलासाठीच गप्प असतात.

मग त्रासाची पट्टी. तापमापकाचं चित्र असलेली, 0 ते 10 आकड्यांची. "गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, मनाला किती त्रास झाला?" 4 किंवा त्याहून अधिक आलं तर खोलात विचारायचं. आकडे न वाचणाऱ्यांसाठी दहा पायऱ्यांची शिडी काढा आणि बोट ठेवायला सांगा. जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा: "कधी असं वाटतं का, की जगून उपयोग नाही? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, रुग्णाला एकटं सोडू नका, घरच्या जबाबदार माणसाला सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं. तो प्रत्येकाला लिहून द्या, पण गट किंवा फोन हा त्या रात्रीचा उपचार समजू नका.

नुकतंच समजलेला आणि सुन्न झालेला, भ्रमात असलेला, दारूच्या नशेत येणारा, दुखणं अजून आटोक्यात न आलेला, यांना या फेरीत घेऊ नका. विशेषतः दुखणाऱ्या माणसाला आधी वेदनाशामक औषध मिळवून द्या. दीड तास दाढेतली कळ सोसत बसलेल्या माणसाच्या कानात काहीच शिरत नाही.

खोली, वेळ, सामान

वेळ रेडिएशनच्या यादीवर ठरते. मशीनच्या तंत्रज्ञाकडून यादी घ्या आणि गटातल्या रुग्णांचे क्रमांक शक्यतो एका पाळीत आणा, म्हणजे शेक झाला की ते थेट गटाला येतात. मुक्कामी नसलेल्यांना गणेशपेठेतून परतीची एसटी गाठायची असते, म्हणून बैठक दुपारी दोनच्या आत संपवा. एप्रिल ते जून नागपूरचं ऊन पाहता सकाळी दहाच्या पुढे सुरुवात नको. किमो आणि रेडिएशनमधल्या माणसाला उष्मा आणि कोरड लवकर बाधते.

खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ, संडास जवळ, दार लागणारं. हातांच्या खुर्च्या गोलात मांडा, मध्ये टेबल नको. बारा खुर्च्या, दोन जास्तीच्या उशा, झाकणाची दोन भांडी थुंकीसाठी आणि एक उलटीसाठी, कागदी रुमालांची दोन खोकी, मास्कचं एक खोकं, उकळून गार केलेलं पाणी, कागदी पेले. बोलू न शकणाऱ्यांसाठी पुसता येणारी पांढरी पाटी आणि मार्कर. खडू वापरू नका. त्याची भुकटी गळ्यातल्या नळीत जाते आणि ठसका लागतो. पाटीवर लिहिलेलं मोठ्याने वाचायचं काम गट चालवणाऱ्याचं. आधी लिहिणाऱ्याला पाटी दाखवून "असंच ना?" म्हणून विचारा, मगच वाचा. लिहिता न येणाऱ्यासाठी दुखणं, भूक, झोप, भीती, घर, पैसा अशी सहा-आठ चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा.

चहा-नाश्ता ठेवू नका. हे कठोर वाटेल, पण गटातल्या निम्म्यांची तोंडं आलेली असतात, एखाद्याच्या नाकात अन्नाची नळी असते, आणि त्याच्यासमोर बाकीच्यांनी पोहे खाणं त्याला सगळ्यात जास्त लागतं.

दीड तासाची मांडणी अशी: दहा मिनिटं विचारपूस, तीस मिनिटं माहिती, दहा मिनिटं मोकळी (संडासला, पाणी प्यायला, अंग मोकळं करायला), तीस मिनिटं बोलणं, शेवटची दहा मिनिटं श्वास आणि शिथिलीकरण. बोलणं कितीही रंगलं तरी शेवटची दहा मिनिटं कापू नका. उघडलेलं मन तसंच घेऊन माणूस रिक्षात बसायला नको.

बैठका

पहिली बैठक ओळखीची आणि नियमांची. प्रत्येकाला दोन मिनिटं: नाव, गाव, कोणते उपचार चालू आहेत, आणि या आठवड्यात सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतोय. आजाराची सुरुवातीपासूनची कहाणी आत्ता काढू नका. पहिल्याने वीस मिनिटं घेतली की दहाव्याला वेळच उरत नाही. नियम पाचच ठेवा आणि फळ्यावर लिहा. इथलं इथंच राहील. दुसऱ्याची स्टेज विचारायची नाही. औषध सुचवायचं नाही. फोटो काढायचा नाही. बोलायचं नसेल तर "पुढे" म्हणायची मुभा. स्टेजचा नियम महत्त्वाचा आहे. एकाने "माझी दुसरी" म्हटलं की चौथीवाला त्या क्षणी गटातून मनाने उठलेला असतो. या बैठकीत सांगितलेले त्रास लिहून घ्या, पुढच्या माहितीचा क्रम त्यांवरून ठरतो.

दुसरी आजाराची आणि उपचारांची. डॉक्टरांना वीस मिनिटांपुरतंच बोलवा. प्रश्न आधीच्या आठवड्यात चिठ्ठ्यांवर गोळा करून त्यांना द्या, नाहीतर व्याख्यान होतं आणि शेवटी "काही शंका?" म्हटल्यावर सगळे माना हलवतात. इथं गैरसमज निघतात. कॅन्सर संसर्गाने पसरत नाही, ताट-पेला वेगळा ठेवायचं कारण नाही, नवरा-बायकोने वेगळं झोपायचं कारण नाही. मशीनवर बाहेरून रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. "सुई लावली की पसरते" ही भीती तर घरोघरी आहे. तपासणीसाठी तुकडा काढल्याशिवाय कोणता कॅन्सर आणि कोणतं औषध हेच ठरत नाही, हे समजावून सांगा. मागच्या जन्मीच्या पापाचा विषय निघाला तर खोडून काढायला धावू नका. "असं वाटतं तेव्हा मनात काय होतं?" म्हणून विचारा. त्यामागे बहुतेकदा कुणाचा तरी टोमणा असतो, आणि तो बोलून दाखवला की पापाची गोष्ट सैल पडते.

तिसरी बैठक सगळ्यात भरगच्च, आणि ती हातांनी शिकवायची. पहिलं, ताप. प्रत्येक घराकडे डिजिटल थर्मामीटर हवा. तो कसा लावायचा आणि कसा वाचायचा, हे प्रत्येकाकडून एकदा करून घ्या. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात ताप 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर रात्र असो की सण, रुग्णालयात यायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहणं हीच नेहमीची आणि जिवावर बेतणारी चूक. गोळीने ताप दबतो, संसर्ग आत वाढत राहतो. बाहेरगावच्या रुग्णाने नागपूर गाठेपर्यंत जवळच्या कोणत्या रुग्णालयात जायचं, हे त्याच बैठकीत ठरवून त्याच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहा.

दुसरं, तोंड. रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे तसंच राहतं. गुळण्यांचं पाणी समोर बनवा: एक कप कोमट पाणी, पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा, त्याच्या निम्मं मीठ. चमचा रुग्णाच्या हातात द्या. घरी "थोडा सोडा" म्हटलं की तो मूठभर पडतो आणि तोंड आणखी जळतं. दुकानातलं अल्कोहोलवालं माउथवॉश नको. दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, आणि मऊ ब्रश. जेवणात तिखट, लिंबू, कडक भाकरी बाजूला ठेवा. वरणात कुस्करलेला मऊ भात, तूप घातलेली मुगाची पातळ खिचडी, उकडून कुस्करलेलं अंडं, दुधात शिजवलेली रव्याची खीर चालते. झणझणीत सावजी रश्शाची सवय असलेल्याला हे मिळमिळीत लागणारच, तेही मोकळेपणी बोलू द्या. खाण्याबद्दलचं दुःख किरकोळ नसतं.

तोंडाच्या ऑपरेशननंतर आणि शेकानंतर जबडा आखडतो. उभी धरलेली तीन बोटं तोंडात मावतात का, हे दर आठवड्याला स्वतः तपासायला शिकवा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकवून घ्या. किती काड्या, किती वेळ, हे तो प्रत्येकासाठी वेगळं ठरवील. हा व्यायाम दुखतो म्हणून सोडला जातो, आणि सहा महिन्यांनी तोंडात चमचा जात नाही तेव्हा उशीर झालेला असतो. स्तनाच्या गटात याच जागी हाताचे व्यायाम घ्या, आणि हात जड वाटणं, बांगडी घट्ट होणं ही सुजेची पहिली खूण सांगा.

चौथी मनाची. एव्हाना विश्वास बसलेला असतो. झोप, चिडचिड, मरणाची भीती, आरशात बघवत नाही, हे सगळं इथं येतं. प्रत्येकाला एकच अडचण निवडायला लावा, फार मोठी नको. "घरी पाहुणे येऊन रडतात" अशी एखादी. ती अडचण नेमकी काय, उपाय कोणकोणते, पहिला कोणता करून बघायचा आणि कधी, हे गटाने मिळून काढायचं. पाहुण्यांच्या अडचणीवर गट सुचवतो: मुलाने दारातच सांगावं, "दहाच मिनिटं बसा आणि पिकापाण्याचं बोला." पुढच्या आठवड्यात ते जमलं का, हे विचारायचंच.

शिथिलीकरण दर बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांत शिकवत न्या. चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत, सहा आकडे मोजेपर्यंत बाहेर. मग पायापासून वर, एकेक स्नायू पाच-सात सेकंद आवळायचा आणि वीस-तीस सेकंद सोडायचा. ऑपरेशन झालेला भाग आवळायचा नाही. हाडांत आजार गेलेल्याला आवळायला लावूच नका, त्याने फक्त लक्ष त्या भागावर नेऊन सैल सोडावं. मग डोळे मिटून एखादी ओळखीची जागा: फुटाळा तलावावरची संध्याकाळ म्हणा, नाहीतर गावचा बांध. जागा रुग्णाने निवडायची. तुम्ही नदी सांगितलीत आणि कुणाचं माणूस त्याच नदीत गेलेलं असेल, तर व्यायाम तिथंच मोडतो.

पाचवी घरच्यांसोबत. पहिला अर्धा तास नातेवाईक शेजारच्या खोलीत दुसऱ्या समुपदेशकासोबत बसतात, कारण त्यांनाही रुग्णासमोर बोलता येत नाही. मग एकत्र. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे रुग्णालयातले मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, बोलवा, कोणती कागदं कमी आहेत ते जागेवर तपासा. रेल्वेची सवलत पुष्कळांना माहीतच नसते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टिअर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला तीन-चतुर्थांश सूट मिळते. त्यासाठी डॉक्टरांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. शरीरसंबंधाचे प्रश्न गटात निघत नाहीत. "याबद्दल वेगळं बोलायचं असेल तर बैठकीनंतर थांबा" एवढं सांगून ठेवा, लोक थांबतात.

खर्ऱ्याचा, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा, विषय याच बैठकीत, सगळ्यांसमोर. तोंडाचा रुग्ण आत बसलेला असतो आणि त्याचा मुलगा बाहेर खर्रा घोटत असतो. दोष देऊन काही साधत नाही, रुग्ण आधीच अपराधाखाली दबलेला असतो. माहिती द्या: नुसती सुपारीही कॅन्सर करते, तंबाखू काढला म्हणजे खर्रा निर्धोक झाला असं नाही. सोडायची तारीख ठरवा. पहिल्या दिवसांत तलफ जोराची येते, ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायला बडीशेप, पाणी, चार पावलं चालणं. तंबाखूमुक्तीचा मोफत क्रमांक 1800-11-2356. मुलगा तयार झाला तर बाप-लेकाने एकत्र सोडायचं ठरवा.

सहावी बैठक उपचारानंतरची. उपचार संपले की आनंद व्हायला हवा असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात अनेकांना रोजचा आधार सुटल्यासारखं होतं. हे आधीच सांगून ठेवा. दर तपासणीआधी पोटात गोळा येतो, तोही अपेक्षित आहे. प्रत्येकाला एक कागद द्या: पुढच्या तपासणीची तारीख, कोणत्या खुणा दिसल्या तर तारखेची वाट न पाहता यायचं, आणि कुणाला फोन करायचा.

बिघडतं कुठं

एकच माणूस बोलत राहतो. त्याला मध्येच तोडायला संकोच करू नका: "भाऊ, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तो इथं थांबवून आता मावशींचं ऐकू." तरीही थांबत नसेल तर बैठकीनंतर वेगळं बोला. बहुतेकदा तो घाबरलेला असतो.

कुणीतरी गोमूत्र, काढा, पावडर, बाबा घेऊन येतोच. "तुम्ही ते घेताय हे डॉक्टरांना सांगितलंय का?" हा एकच प्रश्न विचारा आणि का सांगायला हवं ते समजावा: काही जडीबुटींमुळे किमोचं औषध कमी-जास्त होतं, यकृतावर ताण येतो. विकायला आलेल्याला मात्र त्याच दिवशी बाहेर काढा.

कुणी रडलं की बाकीचे घाईने "रडू नका, सगळं ठीक होईल" म्हणतात. रुमाल पुढे करा आणि गप्प राहा. अर्ध्या मिनिटाने विचारा, "आत्ता काय आठवलं?"

जागतिक कर्करोग दिनाला, 4 फेब्रुवारीला, फळं वाटायला पाहुणे येतात आणि कॅमेरे येतात. बैठकीच्या वेळेत कुणालाही आत घेऊ नका. व्हॉट्सॲप गट केलाच तर संदेश फक्त चालवणाऱ्यांनी टाकायचे. नाहीतर दोन दिवसांत त्यात पपईच्या पानांचा रस आणि श्रद्धांजल्या यांखेरीज काही उरत नाही.

गटातलं माणूस जातं. कळल्यावर पुढच्या बैठकीपर्यंत लपवू नका, कारण बाकावर बातमी तुमच्याआधी पोहोचते. कुटुंबाची परवानगी घेऊन सदस्यांना एकेकट्याला आधी सांगा. बैठकीत त्या दिवशीची माहिती अर्ध्यावर आणा, त्याच्याबद्दल ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्या, आणि हे नक्की सांगा की त्याचा आजार आणि तुमचा आजार एकच नाही. खुर्ची त्या दिवशी काढून टाकू नका, पुढच्या आठवड्यापासून काढा. बैठकीनंतर चालवणाऱ्या दोघांनी पंधरा मिनिटं बसून आपापल्या मनाचंही बोलायचं. हे टाळणारे कार्यकर्ते वर्षभरात काम सोडतात.

गैरहजर राहिलेल्याला त्याच दिवशी फोन करा. कारण बहुतेकदा पैसे, ताप किंवा रुसवा यांपैकी एक असतं, आणि तिन्हींवर काही करता येतं. नोंदवहीत हजेरी, सुरुवातीचा आणि शेवटचा पट्टीवरचा आकडा, कुणाला कुठं पाठवलं, एवढंच लिहा. बोललेलं लिहू नका, आणि वही कुलपात ठेवा. सहाव्या बैठकीतही आकडा 4 किंवा त्याहून वर असलेल्यांची नावं काढा आणि गट पांगायच्या आधी त्यांची मानसोपचारतज्ज्ञांकडची वेळ घेऊन द्या. महिन्याभराने सगळ्यांना एकदा, त्यांच्या तपासणीच्या दिवशीच, पुन्हा बोलवा, म्हणजे गावाहून वेगळी फेरी पडत नाही.